वहीतले आकडे

स्पिरिटच्या बोळ्याचा वास आला की चाकणच्या आमच्या भाड्याच्या खोलीतली एक वही आठवते. बायकोला सातव्या महिन्यात गरोदरपणातला मधुमेह निघाला होता. मी पहाटेच पहिल्या शिफ्टला जायचो, म्हणून उपाशीपोटी साखर मोजायचं काम आईकडे होतं. घरी आलो की मशिनमधले आकडे मी वहीत उतरवायचो. पथ्य काटेकोर असूनही आठवडाभर आकडा एकशे साठच्या खाली आला नाही. वही पाहून डॉक्टर मॅडम इन्सुलिन लिहिणार होत्या, पण आधी त्यांनी समोरच रक्त तपासलं. ब्याण्णव. “घरी रक्त कुणाचं घेता?” मॅडमनी विचारलं. बायकोने सोबत आलेल्या आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “माझं. पोटुशीचं रक्त रोज कशाला सांडायचं? एकाच चुलीवरचं खातो आमी, फरक काय पडतोय?” “आजी, त्या आकड्यांवर इन्सुलिन दिलं असतं तर सूनबाई बेशुद्ध पडल्या असत्या. आणि ही साखर तुमची आहे. तुमच्या गरोदरपणात कुणी तपासली होती?” “कोन तपासनार? ह्यो लई थोराड निघाला, सुईण दमली, एवढंच.” थोराड बाळ ही गरोदरपणातल्या साखरेची खूण असू शकते; ती साखर बाळंतपणानंतर उतरते, पण पुढे कधीतरी त्याच बाईकडे परत येऊ शकते, असं मॅडमनी सांगितलं. आई आता नाही. बायकोची साखर मी दरवर्षी तपासून घेतो, आणि सुई टोचताना बोट कुणाचं आहे ते बघतो.