न्हाणीचं दार आणि लंगोटाची गोळी

आमच्या घरी सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. मला काही सांगायचं असलं की मी बकरीला सांगते. "बकरे, मामाजींले सांग, भाकरी झाली." मामाजीही उत्तर बकरीलाच देतात. इतकी वर्षं आमचं चांगलं चाललं होतं.

रानडुकरांपासून पीक राखायला मामाजींकडे परवान्याची रायफल आहे. तिच्यात शिशाची ओतीव गोळी जाते. गेल्या हंगामात त्यांनी वेगळ्या गोळ्या आणल्या, बुडाला तांब्याची बारीकशी वाटी बसवलेल्या. त्या वाटीला मामाजी लंगोट म्हणत. लंगोट असला की बारुदाची आग शिशाला लागत नाही, नळीत शिसं चिकटत नाही, गोळी सरळ जाते, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे काकाजी, ऐकेनात.

"डुक्कर काय लंगोट पाहून मरते?"

"तुयी गोळी पऱ्हाटीच्या झाडात घुसते. डुक्कर हासत घरी जाते."

शेवटी निशाण लावून पाहायचं ठरलं. डुकराएवढी वस्तू पाहिजे म्हणून दोघांनी आमच्या न्हाणीचं पत्र्याचं दार काढलं, नाल्याच्या दरडीला आडवं टेकवलं आणि त्यावर कोळशाने डुक्कर काढलं.

न्हाणीचं तोंड रस्त्याकडे. दाराची चाळणी झाली तर आंघोळ कुठे करायची? मी बकरीला ओढत त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

"बकरे, मामाजींले सांग, दार न्हाणीचं हाय."

मामाजी बकरीला म्हणाले, "तिले सांग, मालूम हाय. लंगोटवाली एकाच जागी लागते. एकच भोक पडन."

काकाजींनी आधी बिनलंगोटाच्या मारल्या. पहिल्याच आवाजाला बकरी दावं हिसकून पळाली. एक भोक कोळशाच्या डुकराच्या कानावर पडलं, एक शेपटीपाशी, तिसरी गोळी दरडीत गेली. मग मामाजींनी मारल्या. तिन्ही पोटात, मुठीखाली झाकतील इतक्या जवळ. मी मनातल्या मनात लंगोटाला हात जोडले.

"हे काही खरं नाही," काकाजी म्हणाले. "मले हवा लागली. पुन्हा मारतो."

मामाजी लगेच तयार. मी बकरी शोधली. ती नाल्यापलीकडे कोणाच्या तरी तुरीत चरत होती. काकाजींनी रायफल उचलली, आणि मी पदर पुढे ओढून ओरडले, "मामाजी, लंगोटवालीच चांगली हाय! दार घरी आणा!"

मामाजींनी उत्तर द्यायला इकडेतिकडे बकरी पाहिली. मग नाइलाजाने काकाजींकडे वळले.

"तिले सांग, आणतो."

"मी काय बकरी हावो?" काकाजी म्हणाले. पण रायफल खाली ठेवून त्यांनीच दार डोक्यावर घेतलं.

आता दार जागेवर आहे. मामाजींची भोकं साबणाच्या एका वडीने बुजली. काकाजींच्या दोन भोकांत मी कापूस कोंबते, तो आंघोळ अर्धी होईस्तोवर गळून पडतो. दार उभं झाल्यामुळे डुक्कर नाकावर उभं असतं. मी त्याच्याकडे पाठ करून बसते.