कानानं मोटर तपासणारे काका

जगातली प्रत्येक मोटर आपल्याशी बोलते असं मानणारा एकच माणूस मी पाहिलाय, तो म्हणजे माझ्या धाकट्या भावाचे सासरे. तरुणपणी उरणकडच्या मिठागरांवर त्यांनी पाण्याचे पंप सांभाळले. आता कामोठे गावात अंगणात बसून काका कुणाच्याही गाडीतल्या मोटरी फुकट तपासतात. लेकीनं हौसेनं दिलेला, वीज मोजायचा मीटर अजून खोक्यातच आहे. मोटर थेट बॅटरीला जोडायची, डोळे मिटायचे, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, ही त्यांची रीत. भावाच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना नवरीचा हा बाप मांडवातल्या पंख्यापाशी जाऊन उभा. "बेरिंग रडतंय याचं," म्हणाले. लोकांना वाटलं, लेकीसाठी डोळे पुसायला बाजूला गेलेत. पंगत बसेपर्यंत तो पंखा खरंच बंद पडला.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या गाडीच्या एसीचा वारा येईना. पनवेलच्या गॅरेजवाल्यानं वारा फेकणारी मोटरच बदलायला सांगितली. मी गाडी काकांच्या दारात नेली. फ्यूज ठीक होता. डाव्या सीटसमोर पाय ठेवतो तिथून काकांनी पंख्यासकट मोटर काढली, घरातले पंखे बंद करवले, काकूंना मिक्सर थांबवायला लावला आणि दोन वायरी चिमट्यांनी बॅटरीला लावून डोळे मिटले.

"मेली," काका म्हणाले. "आवाजच नाय."

मोटर चांगली घूं घूं करत गरगरत होती. तिच्या वाऱ्यानं काकांच्या कानावरचे पांढरे केस उडत होते. दारातून काकूंनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. त्यांना आधीच माहीत असावं. आयुष्यभर कानाच्या भरवशावर जगलेल्या माणसाला हे सांगायचं कुणी?

मी त्यांचा हात धरून पंख्यापुढे नेला. काकांनी डोळे उघडले आणि बराच वेळ तळव्यावर वारा घेत राहिले.

"जिती हाय," ते म्हणाले. "मंग वेग कमीजास्त करतो तो रेझिस्टर गेला असंल. मोटर नका बदलू तुमी." मग माझ्याकडे न बघता, "कंपनीवाले हल्ली बिनआवाजाच्या मोटरी काढतात, नाय?"

माझी गाडी चौदा वर्षांची आहे.

"हो ना काका," मी म्हटलं. "आम्हालाही ऐकू येत नाहीत."

रेझिस्टर बदलला आणि वारा सुरू झाला. परवा गेलो तर काका कुणाच्या तरी मोटरीला कान लावून, डोळे मिटून बसले होते. तळवा मात्र पंख्यापुढे धरलेला होता.