काटा नसलेली खोली

माधवनगरच्या आहारतज्ज्ञ जीनत शिकलगार यांच्या खोलीत वजनकाटा नाही, म्हणून नवा माणूस आधी संशयानेच आत येतो. कडेगावचे नाथाजी तर बसायलाही तयार नव्हते. त्यांची मुलगी शिवांजली पोलीस भरतीचा सराव करताना चक्कर येऊन मैदानात पडली होती.

"वजन न करताच विलाज सांगणार व्हय?" त्यांनी विचारलं.

"काका, तुमचा ऊस कारखान्याला जातो ना? तिथल्या काट्यावर भरवसा आहे?"

"अजाबात न्हाई. आमी आधी बाहेर गाडी तोलून बघतो."

"मग पोरीची तब्येत एकट्या काट्यावर कशी ठरवता?" जीनतताई शिवांजलीकडे वळल्या. "पळायच्या आधी काय खातेस गं?"

"काय न्हाई. आबा रोज सकाळी वजन बघत्यात. पाणी प्यालं तरी काटा सरकतोय."

नाथाजी म्हणाले, "आन जड झाली तर पळंल कशी?"

"उपाशी पळून पडलीच की. तो काटा माळ्यावर टाका. तिला पोटभर खाऊन पळू द्या, मग या भांडायला."

"येणारच," नाथाजी म्हणाले.

बाहेर पडल्यावर त्यांनी हॉटेलात पोहे मागवले. शिवांजलीने चमचा उचलला आणि थांबली.

"खा की. माझ्याकडं काय बघतीस?"

"तुमी घास मोजताय, आबा."

नाथाजींनी आपली खुर्ची रस्त्याकडे फिरवली. मागून चमच्याचा आवाज येऊ लागला, तरी त्यांनी मान वळवली नाही.