अकराशेवर गेलेला काटा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हे सांगताना मला अजून तळहाताला घाम सुटतो. एका चांगल्या चालत्या ट्रकची मी भर दुपारी, भर रस्त्यात वाट लावली. तीही ट्रक वाचवायला म्हणून.

एकोणीसशे सत्तरनंतरची गोष्ट. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन सात रस्ता चौकाजवळच्या एका वर्कशॉपात नुकताच चिकटलो होतो. मल्लप्पाअण्णा आमच्या वडिलांचे दोस्त. त्यांचा एकच ट्रक, पण त्याच्यावर जीव एवढा की काकू म्हणायच्या, त्यालाच जेवायला वाढा.

धरणाच्या कामावरचं एक जुनं मशीन भंगारात निघालं. त्याचा टर्बो अण्णांनी आणून ट्रकला बसवून घेतला. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. हवा वाढली म्हणून मिस्त्रीनं डिझेलही वाढवून दिलं. गाडी अशी काही ओढायला लागली की अण्णा एकटेच गालात हसत बसायचे.

इथं मी तोंड घातलं. कुणी विचारलं होतं का मला? नाही.

"अण्णा, डिझेल वाढवलं की एक्झॉस्टचा धूर तापतो," मी म्हणालो. "सातशे डिग्रीच्या वर गेला तर आतला पिस्टन मेणासारखा वितळेल."

अण्णांचा चेहरा खर्रकन उतरला. "मग रे दत्तू? ते कळायचं कसं?"

त्याच भंगारात त्या मशीनचं तापमानाचं मीटर पडलेलं होतं. त्याची सळई मी एक्झॉस्टमध्ये घुसवली आणि मीटर ड्रायव्हरसमोर लावलं. काच धुरकट, कडेला ग्रीसचा थर. आकडे तर दिसत होते, मला तेवढं पुरे होतं. उभ्या गाडीत काटा तीनशेवर स्थिर. अण्णांनी सगळ्या वर्कशॉपला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी शेंगदाणा पेंडीची पोती भरून आम्ही मोहोळला निघालो. ड्रायव्हर भीमराव, मधे मी, कडेला अण्णा. माझे डोळे काट्यावर.

सपाट रस्त्यालाच काटा सहाशेवर गेला. मोहोळच्या अलीकडं चढ लागला. चढ कसला, नावालाच, पण गाडी गच्च भरलेली. सातशे. आठशे. नऊशे.

"भीमराव, पाय काढ."

"का वं सायेब? लई झ्याक वडतीया की."

हजार. अकराशे.

त्या क्षणी मला काय झालं ते मलाही नीट सांगता येत नाही. कान बंद झाले. भीमरावाच्या अंगावरून हात घालून मी इंजिन बंद करायची दांडी ओढली. गाडी गचका खाऊन चढावरच थांबली.

"उतरा," मी ओरडलो. "पेटणार ही."

साठीचे अण्णा धोतर सावरत खाली उडी मारते झाले. भीमराव चाकाला दगड लावायला धावला. मागून एसटी आली, तिला मी दोन्ही हात पसरून अडवलं. स्फोट होणार म्हटल्यावर पॅसेंजर भराभरा उतरले आणि ज्वारीत पळाले. एक बाई काखेत कोंबडी धरून माझ्या पुढं पळत होती, ती अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी बाजूच्या विहिरीवरनं पाणी मागवलं आणि स्वतःच्या हातानं त्या तापलेल्या एक्झॉस्टवर अख्खी घागर ओतली.

तडाक.

ज्वारीतली माणसं खाली आडवी झाली. मीही झालो.

एसटीतून उतरलेला एक म्हातारा मात्र सरळ ट्रककडं चालत गेला. जन्मभर गाड्यांवर फिटर म्हणून काम केलेला माणूस. त्यानं केबिनमध्ये चढून धोतराच्या सोग्यानं मीटरची कड पुसली.

"कुणी बसवलं ह्ये?"

"मी," मी अंगाची माती झटकत म्हणालो. "डिप्लोमा झालाय माझा."

"मग हितलं बारीक अक्षर वाचा की."

ग्रीसखाली एफ होता. फॅरेनहाइट. मी सगळं सेल्सिअस समजून बसलो होतो.

"घरात लेकराला एकशेदोन ताप येतो," म्हातारा शांतपणे म्हणाला, "तवा त्येच्या डोस्क्यावर पाणी उकळतंय व्हय? ह्ये अकराशे म्हंजी तुमच्या पुस्तकातलं सहाशेबी न्हाय. गाडी येकदम बेस चालली हुती."

मी वाकून ते अक्षर पुन्हा वाचलं. एफच होता.

मग त्यानं बॉनेटमध्ये वाकून, हाताला फडकं गुंडाळून एकेक गोष्ट तपासली. "टर्बो जाम झालाय. तापल्यालं इंजन येकदम बंद केलं, त्येला तेल मिळालं न्हाय. आन् गार पाणी वतल्यानं ह्यो धुराच्या नळ्यांचा मॅनिफोल्ड तडकलाय, आरपार."

अण्णा रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते. त्यांनी मान वर केली. "आन् इंजिन?"

"इंजन शाबूत हाय. थोडक्यात वाचलं बगा."

"कशापासनं?"

म्हाताऱ्यानं हात पुसले, चष्मा वर केला आणि माझ्याकडं बोट केलं.

"ह्येंच्यापासनं."