पाइपातला पंचग्रंथ
परवा प्लंबरने पीव्हीसीचा पाइप करवतीने कापला आणि त्या जळकट वासासरशी मी कोल्हारजवळच्या आमच्या गावी, चर्चच्या ओट्यावर जाऊन पोचले. माझी थोरली बहीण तिथे रविवारची शाळा घ्यायची. ‘पंचग्रंथ म्हणजे बायबलातली पहिली, मोशेची पाच पुस्तकं’ असं आम्ही पोरं घडाघडा म्हणायचो, पण पाचच का, ते कुणाला सांगता येईना. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गुंडाळ्या ठेवायची पाच नळकांडी. एवढं सगळं लिखाण एका गुंडाळीत मावेना म्हणून पाच झाल्या, हे पोरांना डोळ्यांनी दिसलंच पाहिजे, असं तिने मनावर घेतलं. तिने वर्तमानपत्रं चिकटवून जाडजूड गुंडाळी केली आणि बाबांनी उसासाठी आणलेल्या कोऱ्या पाइपात घालून दाखवली. जाईना. मग गुंडाळीचे पाच भाग केले आणि पाइपाला करवत लावली. उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना असे चार भाग चार तुकड्यांत बसले, तोवर बाबा मळ्यातून आले. “अगं, नवा पाइप हाय तो! उसाला पानी कशानं देऊ?” बहिणीने करवत सोडली नाही. “बाबा, तुमी लई ओरडा, पन पाचवा तुकडा झाल्याबिगर मी उठनार न्हाई. पाचवं पुस्तक, अनुवाद, उघड्यावर ऱ्हायलंय.” बाबा पोरांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग खाली बसले आणि पाइप दोन्ही पायांत घट्ट धरून म्हणाले, “सरळ काप. वाकडा गेला तर झाकन बसायचं न्हाई.” परवा प्लंबर उरलेला तुकडा फेकायला निघाला, तो मी मागून घेतला. आता रविवारचा वर्ग माझ्याकडे आहे, आणि मला अजून चार हवेत.