उत्तर येईपर्यंत

समुद्रतळाच्या तेलविहिरींचे व्हॉल्व्ह बंद करणारे डबे आमच्या चाकणच्या कंपनीत बनतात. खोल पाण्यात रेडिओ चालत नाही, म्हणून त्यांना हुकूम द्यायचा तो आवाजानं. चऱ्होलीचे एक मामा ते टाकीत बुडवून तपासतात. आवाज सोडायचा आणि डब्याच्या उत्तराची वाट बघायची. माणसांशीही तसंच. "जेवलास का?" विचारलं की उत्तर येईपर्यंत हलत नाहीत.

काल एक डबा एकदाच गप्प राहिला.

"एकदाच ना? सही करा, गाडी उभी आहे," साहेब म्हणाले.

"खाली हातानं बंद कराया कोण जाणार न्हाई, साहेब." मामांनी सकाळपासूनची सगळी चाचणी पहिल्यापासून लावली.

"दमलात ना, मामा?" मी विचारलं.

उत्तर आलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

शिफ्ट सुटताना ते म्हणाले, "व्हय."