पत्रिकेतला मामा

यवतच्या छापखान्यातून लेकीच्या लग्नपत्रिकेचा नमुना मोबाइलवर आला तेव्हा मी भाकरी थापत होते. लेकीने तो समोर धरला. मामांच्या यादीत माझ्या एकुलत्या भावाच्या नावाआधी ‘कै.’ होतं.

ओसरीवरून सासरे म्हणाले, “मीच लावायला सांगितलं. पोलिसांच्या कागदावर फरारी हाय त्यो. पाव्हणं इचारतील, नवरीचा मामा कुठं हाय? काय सांगू, जामीन झाला की येतोय?”

माझे मालक हसले.

भावाने बांधाच्या भांडणात चुलतभावाला फावड्याचा दांडा मारला होता. चुलतभाऊ बरा झाला. माझा भाऊ मात्र माहेरच्या गावातून, कवठे येमाईतून, गेला तो गेलाच. आई शेवटपर्यंत त्याला फरारी म्हणाली नाही. “परागंदा झालाय,” एवढंच म्हणायची. मला ती शिवीच वाटायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत. लेक शिरूरला कॉलेजात होती, तिने जाड कोशात बघून सांगितलं, शब्द फारशीतला आहे, अर्थ पांगलेला, विखुरलेला. दुष्काळात गाव सोडून गेलेल्या घरांनाही जुन्या कागदांत परागंदाच लिहीत. पाऊसपाणी झालं की त्यातली कितीतरी घरं परत येत. हे मी वहीत लिहून ठेवलं होतं.

सासऱ्यांपुढे मी बोलत नाही. त्या दिवशी पिठाच्या हातानेच पदर सावरून दारात उभी राहिले.

“आबा, कै. काढायला सांगा.”

“जित्ता हाय कशावरनं?”

“मेलाय कशावरनं?”

मालक म्हणाले, “आबा, हिला आज वाचा फुटली! तिकडं भाकर करपली की गं.”

खरंच करपली होती. मी हलले नाही.

“पाव्हण्यांना काय सांगू मग?” सासऱ्यांनी विचारलं.

“परागंदा हाय म्हणून सांगा. आईचा शब्द हाय. त्यात खोटं काय न्हाई.”

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. मग म्हणाले, “माझी आजी आमच्याच घराला म्हणायची तसं. दुष्काळात भांडगाव सोडून गेलो हुतो आमी. तीन वरसांनी आलो माघारी.” त्यांनी छापखान्यात फोन लावला. “त्ये मामाच्या नावापुढचं काढ. व्हय, नाव राहू दे.”

आमच्यात पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी मामाला देतात. ती दुसरी, हळदकुंकू लावलेली, माझ्या ट्रंकेत आहे. पाकिटावर भावाचं नाव लिहिलं आहे. पत्त्याची जागा मोकळी ठेवली आहे.